मेणवलीचा वाडा : पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक धडा



चौथी-पाचवीच्या मुलांना 'घराचं चित्र काढा' म्हटलं की कागदावर काय उमटणार, ते आपल्याला तोंडपाठ आहे. मागे दोन डोंगर, मधोमध सूर्य, पुढे नदी आणि कडेला उतरत्या छपराचं घर. त्या छपरावर पुष्कळदा एक धुराडंही असतं. आपल्या आळीत कुणाच्याही घराला नसलेलं धुराडं! मुलाने हे घर दुसऱ्या चित्रात पाहिलेलं असतं. स्वतः राहतो त्या घराकडे किंवा गावातल्या जुन्या वाड्याकडे त्याने कधी नीट निरखून पाहिलेलं नसतं, कारण 'निरखून पाहा' असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सहलीत आपण वाडे दाखवतो, नाही असं नाही. पण कसे दाखवतो? कुणी बांधला, कोणत्या साली बांधला, तिथे कोण राहत होतं, एवढं सांगून होतं. मग रांगेत उभं राहून फोटो, आणि मग डबे. वाडा कशावर उभा आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. जुना लाकडी वाडा हा इतिहासापुरता विषय नाही. गणित, विज्ञान, मराठी आणि परिसर अभ्यास यांचा तो एकत्र धडा आहे. आणि हा धडा आपण आत्ताच शिकवायला हवा, कारण पुस्तकच दरवर्षी पानापानाने नाहीसं होत चाललंय.

एक वाडा उदाहरणासाठी

वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. पेशवाईचा कारभार पुण्यातून चालायचा, पुण्यातही नानांचा वाडा होता. मेणवलीचा वाडा हा गावाकडचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभा राहिला. सहा चौक, भोवती भक्कम भिंत, मागच्या बाजूला नदीत उतरणारा चंद्रकोरीसारखा दगडी घाट, घाटावर मंदिरं. त्यातल्या मेणेश्वराच्या मंदिरापाशी एक मोठी घंटा आहे, आणि तिच्यावर चक्क मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणल्या, त्यांतलीच ही एक, असं सांगितलं जातं. वाड्याच्या भिंतींवर जुनी चित्रंही आहेत. हिंदी सिनेमे पाहणाऱ्या पालकांना हा घाट 'स्वदेस'मुळे ओळखीचा वाटेल.

या वाड्यात सापडलेली नानांची मोडी कागदपत्रं 'मेणवली दप्तर' या नावाने अभ्यासकांना माहीत आहेत. आज ते दप्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आहे. कागद वाचणारे वाचतात. पण कागद ज्या घरात इतकी वर्षं टिकले, ते घर कोण वाचणार?

खण म्हणजे काय?

मुलांना वाड्यात नेल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारावा : 'ही भिंत काढून टाकली तर छप्पर पडेल का?'

बहुतेक मुलं 'हो' म्हणतील. मग त्यांना ओसरीवर किंवा सोप्यात उभं करून वर बघायला सांगावं. खाली घडीव दगडाचं जोतं. जोत्यावर प्रत्येक खांबाखाली एक तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड. त्यावर सागवानी खांब. खांबांवर आडव्या तुळया. तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे आपला कडीपाट. त्याच्यावर वरचा मजला. भिंत बाजूला उभी आहे. ती आडोसा देते, ऊन-पाऊस अडवते, सांगाड्याला डुलू देत नाही. पण मजल्याचं बरंचसं वजन खांबांवरून उतरतं. हा सांगाडा एकदा दिसला की वाड्याचं सगळं व्याकरण उलगडत जातं.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. जुन्या लोकांना घर किती मोठं असं विचारलं की ते 'पाच खणांचं', 'सात खणांचं' असं सांगत. घर खणात मोजत. यात केवढं गणित आहे पाहा. खणाची लांबी मनात येईल तेवढी ठेवता येत नाही. ती ठरते सागाचा सरळ सोट किती लांब मिळतो आणि तो वाकल्याशिवाय किती वजन पेलतो यावर. म्हणजे घराचं माप जंगलातल्या झाडाने ठरवलेलं असतं! मुलांच्या हातात टेप द्या. एका खणाची लांबी-रुंदी मोजू द्या. मग सगळे खण मोजून गुणाकाराने ओसरीची लांबी काढू द्या, आणि शेवटी प्रत्यक्ष टेप लावून उत्तर ताडून पाहू द्या. दोन्ही आकड्यांत फरक येईल. तो का येतो, यावरची चर्चा 'अंदाज आणि अचूकता' या घटकासाठी पुरेशी आहे.

लाकूड जोडलंय कसं, तेही दाखवावं. एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही एकमेकांत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. असा सांधा थोडा हलतो, पण सुटत नाही. आणि तळखडा कशासाठी? खांब थेट मातीत रोवला तर ओल चढते, वाळवी लागते. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही, तरी बुंधा कोरडा राहावा म्हणून दगडाची बैठक. ही काळजी विज्ञानाच्या पुस्तकात 'केशाकर्षण' या नावाने येते आणि वाड्यात खांबाच्या पायाशी दिसते.

फूटपट्टीचा प्रयोग

हा प्रयोग वर्गातच करता येतो. दोन पुस्तकांच्या थप्प्या ठेवा, त्यांच्यावर लाकडी फूटपट्टी आडवी टाका आणि मधोमध वजन ठेवा. पट्टी वाकेल. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून तेवढंच वजन ठेवा. वाकलेली दिसणारसुद्धा नाही. लाकूड तेच, लांबी तीच, फक्त उंची बदलली. एवढं पाहून वाड्यात गेलं की तुळई रुंदीपेक्षा उंचीला जास्त का ठेवतात, ते पोरं आपणहून सांगतात. बीएससीला जे सूत्र घोकतात त्याचं मूळ पाचवीतल्या फूटपट्टीत आहे.

दुसरा प्रयोग काड्यांचा. चार काड्यांची चौकट दोऱ्याने बांधा. कोपऱ्यावर ढकलली की ती तिरपी होते. तिच्यात एक तिरकी काडी बांधा. आता हलत नाही. त्रिकोण का पक्का असतो, हे यानंतर वहीत लिहून द्यावं लागत नाही.

सांगाडा जळतो, सांगाडा सुटतो

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मुलांना शिकवू नये. शनिवारवाड्याचं भूमिपूजन १७३० मध्ये झालं आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. आज आपण तिथे काय दाखवतो? तट, दरवाजे, जोती, कारंज्याचा हौद. महाल कुठे गेले? १८२८ च्या आगीत जळाले. दगड राहिला, लाकूड गेलं. रिकाम्या जोत्यांवर उभं राहून 'इथे कशाचे खांब असतील?' असं विचारलं तर ती रिकामी जागाही धडा होते.

दुसरं उदाहरण जड आहे, पण मोठ्या मुलांना सांगायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं झोपेतच गेली. तिथली जुनी घरं म्हणजे लाकडी खांब-तुळया, त्यांच्यावर मातीचं जाड माळवद आणि भोवती दगड-मातीच्या खूप जाड भिंती. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, असं सगळ्यांना वाटायचं. पण अशा कितीतरी भिंती दोन पदरांत रचलेल्या आणि मध्ये बारीक दगडांची भर घातलेल्या होत्या. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत घातलेले नव्हते. धक्का बसला तसे पदर सुटले, ढासळले. वरून माळवदाचा भार. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी तीच माती त्या रात्री काळ झाली. म्हणजे सांगाडा असणं पुरेसं नाही. तो नीट सांधलेला हवा, भिंत त्याला बांधलेली हवी, डोक्यावरचं ओझं बेताचं हवं. हे ज्ञान मुलांचे जीव वाचवू शकतं. त्याला 'अवांतर' कसं म्हणायचं?

असाच धडा साता समुद्रापलीकडेही आहे. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात लिटल मॉर्टन हॉल नावाचं एक जुनं जमीनदारी घर आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मॉर्टन घराण्याने ते टप्प्याटप्प्याने बांधलं. सागाऐवजी ओक, पण युक्ती आपलीच : मध्ये चौक, भोवती लाकडी सांगाडा, खुंट्यांचे सांधे. पुढे त्यांनी वर एक लांबलचक सज्जासारखं दालन चढवलं आणि त्यावर जड दगडी फरशांचं छप्पर घातलं. त्या वजनाने खालचा सांगाडा वाकला. आजही त्या घराच्या रेषा अशा वेड्यावाकड्या आहेत की फोटो पाहून मुलं हसतात. हसू द्यावं, आणि मग विचारावं : 'वाकलं कशाने?' १९३८ पासून ते घर तिथल्या नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि लोक ते बघायला जातात.

वासे पाहिल्याशिवाय म्हणी कशा कळणार?

मराठीच्या शिक्षकांसाठी तर वाडा म्हणजे चालता-बोलता शब्दकोश आहे. 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात', 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे', 'वळचणीचं पाणी आढ्याला', 'उंबरठे झिजवणे'. हे सगळं आपण परीक्षेसाठी अर्थासकट पाठ करून घेतो. पण वासा म्हणजे काय, आढं कुठे असतं, वळचण कुठली, हे स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलाने कुठे पाहायचं? पाणी आढ्यावरून वळचणीकडे येतं, उलट जात नाही, हे एकदा पावसात उतरत्या छपराखाली उभं राहून पाहिलं की ती म्हण जन्मभर विसरत नाही. सरावसंचातून ती रिकाम्या जागी भरली जाते आणि पेपर झाला की पुसली जाते.

देवडी, दिंडी, अडसर, ओसरी, पडवी, माजघर, देवळी, महिरप, बळद, पेव. यातले किती शब्द आपल्या वर्गात जिवंत आहेत? एक सोपा उपक्रम सुचवतो. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं : 'तुमच्या लहानपणीच्या घरात धान्य कुठे ठेवायचे? दिवा कुठे ठेवायचे? पाहुणे कुठे बसायचे?' तीन प्रश्नांत डझनभर शब्द वर येतात, आणि आजी-आजोबांना कुणीतरी काही विचारलं याचा आनंद वेगळाच.

कोणता दरवाजा कुणासाठी?

हा भाग टाळून वाडा शिकवता येणार नाही. वाड्याची रचनाच सांगते की कोण कुठपर्यंत यायचं. देवडीत पहारेकरी. बाहेरच्या चौकात येणारे-जाणारे, कारकून, रयत. दिवाणखान्यात मानाची माणसं. आत माजघर, स्वयंपाकघर, मागचा चौक, आणि तिथे बायकांचं सगळं आयुष्य. कितीतरी लोकांना तर उंबरठाच ओलांडता येत नसे. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनी बाहेरूनच आवाज द्यायचा, अशी ती व्यवस्था. सागाचे सोट वाहून आणणारे, दगड घडवणारे पाथरवट, लाकूड तासणारे सुतार, चुन्याचा घाणा फिरवणारे मजूर, या सगळ्यांच्या हातांनी वाडा उभा राहिला. त्यांची नावं बखरीत नाहीत. पण तळखड्यावर छिन्नीचे घाव अजून दिसतात.

आपल्या वर्गात वाडेवाल्यांची मुलं असतात आणि ज्यांच्या पणज्याला आत येऊ दिलं नाही, त्यांचीही असतात. म्हणून इथे शिक्षकाने जपून बोलावं. कुणाच्या पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही, आणि 'तो काळच तसा होता' म्हणून विषय गुंडाळायचाही नाही. नकाशा काढू द्या. प्रत्येक दारावर लिहू द्या : 'इथपर्यंत कोण?' नकाशा स्वतःच बोलतो. मुलांना समतेवरचं भाषण आठवत नाही, पण आपण आज सगळे मिळून ज्या माजघरात उभे आहोत तिथे आधी आपल्यातले निम्मे येऊ शकले नसते, हे त्यांच्या लक्षात राहतं.

पालकांचे आणि सहकाऱ्यांचे आक्षेप

'अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?' हा पहिला प्रश्न. वर जे लिहिलं त्यात मोजमाप, क्षेत्रफळ, उष्णता, बल, म्हणी, वाक्प्रचार, नकाशा, सामाजिक रचना हे सगळं आलं. हा अभ्यासक्रमच आहे, फक्त बाकावर बसून केलेला नाही.

'आता सगळे फ्लॅटमध्ये राहतात, वाडा शिकून काय करायचं?' हा दुसरा. तुमचा फ्लॅटही सांगाडाच आहे! सागाच्या खांबाच्या जागी कॉलम, तुळईच्या जागी बीम, कडीपाटाच्या जागी स्लॅब. वाड्यात सांगाडा उघडा दिसतो आणि फ्लॅटमध्ये प्लास्टरखाली लपतो, एवढाच फरक. हॉल मोठा करायचा म्हणून लोक भिंत फोडतात, आणि कधी कधी भिंतीबरोबर कॉलमलाही हात लावतात. विटांची भिंत आणि वजन पेलणारा कॉलम यातला फरक कळणारं मूल उद्या घरमालक होईल, सरपंच होईल, नगरसेवक होईल. तेव्हा हा फरक त्याला कळलेला असणं सगळ्यांच्या फायद्याचं आहे.

'पडके वाडे धोकादायक असतात', हा तिसरा आक्षेप. तो पूर्ण खरा आहे. जिथे तुळई खचलीय, कडीपाट लोंबतोय, भिंतीला पोट आलंय, तिथे मुलांना अजिबात आत न्यायचं नाही. बाहेरूनच चित्र काढावं. चांगल्या अवस्थेतला वाडाच निवडावा, आणि मालकांची परवानगी घेऊनच जावं. मेणवलीचा वाडाही खासगी मालकीचाच आहे. ते कुणाचं तरी घर आहे, हे मुलांना आधी सांगायचं.

वाडा वाचवायचा कुणी?

खेड्यापाड्यांतले वाडे का पडतात, हे आपल्याला माहीत आहे. एका वाड्याचे दहा हिस्सेदार, त्यातले आठ पुण्या-मुंबईला. दुरुस्तीला पैसा कोण काढणार? जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं. चांगला भाव येतो. खांब हॉटेलच्या सजावटीत जातात, दरवाजा कुणाच्या फार्महाऊसला लागतो. वाडेवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण गळकं छप्पर त्यांच्या डोक्यावर आहे, आपल्या नाही. एखाद्या शाळेने ठराव करून वाडा वाचणार नाही, हेही खरं.

पण शाळेला एक गोष्ट नक्की करता येते. गावातल्या एका वाड्याची पूर्ण नोंद. सहावी-सातवीची मुलं, दोन टेप, आलेखाचे कागद आणि एक मोबाईल एवढ्या साहित्यात हे होतं. किती खण, किती खांब, जोत्याची उंची, भिंतीची जाडी, चौकाचं माप. चौकात, ओसरीवर आणि माजघरात दुपारी तापमापी ठेवून घेतलेल्या नोंदी. प्रत्येक भागाचं गावात चालणारं नाव, कारण कोकणात, देशावर आणि मराठवाड्यात ही नावं बदलतात. गावातल्या म्हाताऱ्या सुताराची मुलाखत, कारण वाडा पडायच्या आधी बहुतेक वेळा तो सांगणारा माणूस जातो. ही वही शाळेच्या कपाटात राहावी आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी तिच्यात भर घालावी. उद्या वाडा पडला तरी तो किती खणांचा होता हे गावाला माहीत असेल. आणि नोंद करताना एखाद्या हिस्सेदाराच्या मनात आलं, 'अरे, पोरं एवढं मोजतायत म्हणजे यात काहीतरी असेल', तर ते फायद्यातच पडलं.

कितीतरी गावांत पहिली शाळा कुणाच्या ना कुणाच्या वाड्याच्या ओसरीवर भरली. पुण्यात १८२१ मध्ये सुरू झालेली संस्कृत पाठशाळा विश्रामबागवाड्यातच भरत होती. वाड्यांनी शाळांना जागा दिली. शाळेने त्यांच्यासाठी एक वही राखून ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सहलींची आखणी सुरू होईल. त्या आधी आपल्या गावातला, निदान तालुक्यातला एक वाडा ठरवा, मालकांना भेटून या, आणि मुलांच्या दप्तरात डब्याबरोबर टेपही ठेवायला सांगा. तुमच्या भागातले वाड्याचे शब्द आणि मुलांनी काढलेले नकाशे इथे जरूर कळवा.